हेन्री गँट आणि उशिराचा जाब

कोणत्याही मोठ्या बांधकामाच्या कचेरीत गेलात तर एक लांबरुंद तक्ता हमखास दृष्टीस पडतो. डावीकडे कामांची नावे एकाखाली एक, वरच्या बाजूला महिने आणि आठवडे, आणि मधल्या जागेत आडव्या पट्ट्या. पाया इथपासून इथपर्यंत, त्यापुढे जोते, मग भिंती, मग स्लॅब. आता हा तक्ता भिंतीवर नसून संगणकाच्या पडद्यावर असतो एवढाच फरक, रूप तेच. इंजिनिअर मंडळी त्याला ‘गँट चार्ट’ म्हणतात. गँट हे एका माणसाचे आडनाव आहे, हे मात्र त्यांच्यापैकी पुष्कळांच्या गावीही नसते.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने कारखान्यातल्या वेळापत्रकावर लेख का लिहावा, असा प्रश्न माझ्या काही मित्रांनी मला केलाच. त्यावर माझे उत्तर असे की, अर्थशास्त्राच्या तासाला आपण भूमी, श्रम, भांडवल आणि संयोजक हे उत्पादनाचे चार घटक पाठ करतो. श्रमाला वेतन मिळते, भांडवलाला व्याज मिळते आणि संयोजकाला नफा मिळतो, हेही आपण परीक्षेत लिहितो. पण काम वेळेवर झाले नाही, तर त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा, हा प्रश्न त्या चार घटकांत कोठेच बसत नाही. गँटचे सारे आयुष्य या एका प्रश्नाभोवती फिरले. त्याचे उत्तर त्याने जेथे शोधले ती जागा त्याच्या काळच्या मालकांना फारशी सोयीची नव्हती. म्हणून हा खटाटोप.

हेन्री लॉरेन्स गँटचा जन्म २० मे १८६१ रोजी अमेरिकेच्या मेरिलँड राज्यातील कॅल्व्हर्ट परगण्यात झाला. महिनाभर आधीच, एप्रिलमध्ये, अमेरिकेतील यादवी युद्धाला तोंड लागले होते. गँटचे घराणे मोठ्या शेतीवाडीचे, आणि ती शेतीवाडी गुलामांच्या कष्टावर चाललेली. १८६४ च्या नोव्हेंबरात मेरिलँड राज्याने गुलामगिरी बंद केली. युद्धाने आणि त्यानंतरच्या उलथापालथीने गँट घराण्याची रया गेली आणि हेन्रीचे बालपण ओढगस्तीत गेले. जे वैभव गेले ते दुसऱ्यांच्या घामावर उभे होते, तेव्हा त्याबद्दल आपण हळहळण्याचे कारण नाही. परंतु हा मुलगा पुढे जन्मभर ‘काम नेमून देणे’ या गोष्टीचा विचार करीत राहिला, आणि त्याचा जन्म अशा घरात झाला होता, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

बाल्टिमोरजवळ मॅकडोनो नावाची एक शाळा १८७३ मध्ये गरीब मुलांसाठी सुरू झाली होती. शेतीकाम आणि शिस्त यांवर तिचा भर असे. हेन्री त्या शाळेत शिकला. तेथून तो त्याच शहरातील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेला आणि १८८० मध्ये पदवीधर झाला. मग आपल्या जुन्या शाळेत परत येऊन त्याने सुमारे तीन वर्षे मुलांना शिकविले. नंतर न्यू जर्सीतील स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून १८८४ मध्ये तो यांत्रिक अभियंता होऊन बाहेर पडला. त्याचे पुढचे सगळे लौकिक यश इंजिनिअर म्हणून असले, तरी मला तो शेवटपर्यंत मास्तरच वाटतो. चूक करणाऱ्याला आधी शिकविले होते का, हा प्रश्न मास्तरालाच सुचतो. त्याचा पुरावा पुढे येईलच.

१८८७ मध्ये गँट फिलाडेल्फियाच्या मिडव्हेल पोलाद कारखान्यात नोकरीस लागला, आणि तेथे त्याची गाठ फ्रेडरिक टेलरशी पडली. शास्त्रीय व्यवस्थापनाचा जनक म्हणून ज्याचे नाव वाणिज्य शाखेच्या पुस्तकात पहिल्या प्रकरणात येते, तोच हा टेलर. वयाने गँटपेक्षा पाच वर्षांनी मोठा. स्वभावाने कडक, एककल्ली, आणि आपल्या पद्धतीवर अढळ श्रद्धा असलेला. टेलर पुढे बेथलेहेम पोलाद कारखान्यात गेला, तेव्हा गँटही तेथे गेला. धातू कापताना यंत्राचा वेग किती ठेवावा याचे गणित झटपट करण्यासाठी गँट आणि कार्ल बार्थ यांनी तेथे एक खास सरकपट्टी तयार केली. गुरू आणि शिष्य असे हे नाते होते, परंतु शिष्य अंध नव्हता.

दोघांमधला फरक नीट कळण्यासाठी टेलरची मजुरीची रीत आधी समजून घ्यावी लागेल. कोणतेही काम घ्यावे, त्याचे बारीक तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकड्याला किती वेळ लागतो ते स्टॉपवॉच लावून मोजावे, आणि चांगल्या कामगाराने दिवसाला किती काम करावे ते ठरवावे. इथपर्यंत दोघांचे जमत असे. यापुढे टेलर नगामागे दोन दर ठेवी. समजा, दिवसाला दहा नग ठरले आहेत. ज्याने दहा पुरे केले त्याला प्रत्येक नगामागे पंधरा सेंट, म्हणजे दीड डॉलर. ज्याचे नऊच झाले त्याला प्रत्येक नगामागे बारा सेंट, म्हणजे एक डॉलर आठ सेंट. (आकडे माझे, रीत त्याची.) एक नग कमी पडला आणि बेचाळीस सेंट गेले! तो नग कशामुळे कमी पडला? पट्टा तुटला, कच्चा माल उशिरा आला, की हत्याराला धार नव्हती? टेलरच्या दराला याच्याशी कर्तव्य नव्हते. हे सगळे व्यवस्थित ठेवणे मालकाचे काम आहे असे टेलर सांगत असे, हे खरे. पण ते व्यवस्थित नसले तर दंड मालकाला होत नसे, कामगाराला होई.

१९०१ मध्ये बेथलेहेमला गँटने वेगळी रीत सुचविली. कामगाराला त्याचा रोज काही झाले तरी मिळेल. नेमून दिलेले काम वेळेत पुरे झाले, तर त्या रोजावर बोनस मिळेल. जमले नाही, तर बोनस नाही; पण घरी न्यायचे पैसे शाबूत. शिवाय काम कसे करायचे, कोणते हत्यार वापरायचे आणि किती वेळ लागावा, हे लिहिलेले सूचनापत्र आधी हाती मिळेल. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्याने अमेरिकेतील यांत्रिक अभियंत्यांच्या संस्थेपुढे या पद्धतीवर निबंध वाचला. वरवर पाहता हा केवळ आकडेमोडीतला फरक आहे. पण नवीन कामावर आलेल्या, हात न बसलेल्या माणसाच्या बाजूने जरा पाहा. टेलरच्या रीतीत शिकण्याच्या काळात तो उपाशी राहतो. गँटच्या रीतीत त्याला शिकायला सवड मिळते. १९०८ मध्ये गँटने कामगारांना कामाची सवय आणि सहकार्य शिकविण्यावर दुसरा निबंध वाचला, त्यातही हाच धागा होता. कामगाराला हाकण्यापेक्षा शिकविणे मालकाच्याही हिताचे आहे, असे त्याचे मत होते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे फोरमनचा बोनस. मला तर गँटच्या सगळ्या कामात हीच युक्ती सर्वांत आवडली. फोरमनच्या हाताखाली दहा माणसे आहेत असे धरा. त्यांतील नऊ जणांनी बोनस मिळविला, तर फोरमनला माणशी दहा सेंट, म्हणजे एकूण नव्वद सेंट मिळत. दहाच्या दहा जणांनी मिळविला, तर माणशी पंधरा सेंट, म्हणजे दीड डॉलर. आता या दहाव्या माणसाचा विचार करा. तो सर्वांत मंद, बहुधा नवखा. टेलरच्या कारखान्यात अशा माणसाला काढून टाकणे फोरमनला सोपे. येथे मात्र त्या एका माणसापायी फोरमनच्या खिशात साठ सेंटांचा फरक पडतो. साहजिकच फोरमन दिवसभर त्याच्यामागे राहतो, त्याला शिकवितो, त्याचा माल वेळेवर आणून देतो. सगळे फोरमन असे सज्जन निघाले असतील असे मी म्हणत नाही. साठ सेंटांसाठी त्या दहाव्याचा छळही करता येतो, आणि तो झालाही असेल. परंतु कामगाराचे काम अडले तर त्याचा तोटा वरच्या माणसालाही व्हावा, ही कल्पना त्या काळात अगदी नवी होती.

एका गोष्टीत मात्र गँट अडखळलेला दिसतो. नेमून दिलेल्या कामासाठी त्याने जो इंग्रजी शब्द निवडला, तोच ‘टास्क’ शब्द गुलामांच्या मळ्यांतही चाले. ‘टास्कमास्टर’ म्हटले की माणसे जुंपून घेणाऱ्याचेच चित्र डोळ्यापुढे येते, हे मळेवाल्याच्या या मुलाला ठाऊक होते, आणि ‘वर्क, वेजेस अँड प्रॉफिट्स’ या १९१० च्या पुस्तकात त्याने ते मोकळेपणाने मांडले आहे. ते दिवस आता सरत आले, असे त्याचे म्हणणे. शब्द मात्र त्याने बदलला नाही. कामाचे माप कोणी ठरवायचे, हा प्रश्नही त्याने फारसा उकरला नाही. ते तज्ज्ञाने ठरवावे असेच तो धरून चालला. हा त्याच्या विचारातला मोठा अपुरेपणा आहे असे मला वाटते. १९११ मध्ये बोस्टनजवळच्या वॉटरटाउन शस्त्रागारात टेलरच्या पद्धतीविरुद्ध ओतकामगारांनी संप केला, तो स्टॉपवॉचवरूनच पेटला होता. घड्याळ कोणाच्या हातात आहे, हे त्या ओतकामगारांनी बरोबर ओळखले होते.

नोकरी सोडून गँट विसाव्या शतकाच्या आरंभी सल्लागार झाला. आगगाडीची इंजिने बनविणारे कारखाने, कापडाच्या गिरण्या, कापड धुण्याचे व रंगविण्याचे कारखाने, अशा नाना ठिकाणी त्याने काम केले. या काळातच त्याचे तक्ते आकाराला येऊ लागले. १९०३ मध्ये त्याने उत्पादनाचा रोजचा ताळेबंद आकृतीने कसा मांडावा यावर निबंध वाचला. कल्पना साधी आहे. मोठ्या कारखान्यात शेकडो भाग एकाच वेळी बनत असतात. कोणता भाग कोठे अडला हे महिन्याच्या अखेरीस हिशेबनीस सांगेल, तोवर उशीर होऊन गेलेला असतो. म्हणून रोज संध्याकाळी आजचे काम आणि आज व्हायला हवे होते ते काम शेजारी शेजारी मांडायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी व्यवस्थापकाने ते पाहायचे आणि अडलेल्या जागी जायचे.

कामगारांच्या तक्त्यावर जेथे काम कमी पडे, तेथे नुसती रिकामी जागा सोडलेली नसे. कारणाचे अक्षर लिहिलेले असे. माणूस गैरहजर, माणूस नवखा, सूचना मिळाली नाही, माल नाही, हत्यार बिघडलेले, यंत्र दुरुस्तीला. ही यादी जरा निरखून पाहावी. पहिली एकदोन कारणे सोडली, तर बाकी सगळी कोणाच्या कक्षेतली? सूचना देणे, माल पुरविणे, हत्यार नीट ठेवणे आणि यंत्र दुरुस्त करणे ही सारी वरच्यांची कामे. म्हणजे कामगाराच्या नावासमोर काढलेला तक्ता पाहता पाहता साहेबाची हजेरी घेऊ लागतो.

येथे थोडे विषयांतर करतो. माझे मामा एका ठेकेदाराकडे इमारतीच्या कामावर मुकादम होते. तेथल्या कचेरीत पट्ट्यांचा तक्ता असे, आणि दर शनिवारी साहेब त्यावर लाल पेन्सिलीने खुणा करीत. एका पावसाळ्याआधी स्लॅबची पट्टी तीन आठवडे मागे पडली. कारण लोखंडी सळ्याच आल्या नव्हत्या, आणि सळ्यांची मागणी कचेरीतूनच उशिरा गेली होती. परंतु तक्त्यावर ‘सळ्या मागविणे’ अशी पट्टीच नव्हती. ‘स्लॅब’ अशी होती आणि तिच्यासमोर मामांच्या टोळीचे नाव होते. पैसे टोळीचे कापले गेले. गँटच्या नावाने ओळखला जाणारा तक्ता आणि गँटने काढलेला तक्ता यांत केवढे अंतर पडले आहे, हे ही हकिकत आठवल्यावर मला उमगते. कारणाचे अक्षर गळून गेले, पट्टी तेवढी राहिली.

मूळ तक्ता कसा होता, हे सांगितल्याशिवाय पुढे जाणे बरे नाही. युद्धकाळात तो पूर्ण रूपाला आला. अमेरिका ६ एप्रिल १९१७ रोजी पहिल्या महायुद्धात उतरली. दारूगोळा खात्याचे प्रमुख जनरल विल्यम क्रोझियर हे शास्त्रीय व्यवस्थापनाचे जुने पुरस्कर्ते. गँटने फिलाडेल्फियाच्या फ्रँकफर्ड शस्त्रागारात काम केले आणि मग तो वॉशिंग्टनला जाऊन या खात्याच्या कामाला लागला. किती तोफा मागविल्या, किती गोळे मागविले, किती रकमेचे करार झाले, याचे आकडे खात्याजवळ भरपूर होते. पण केव्हा? ठरल्या दिवशी काय तयार असायला हवे होते, आणि काय आहे? आजवर सगळेजण नगांच्या हिशेबाने वेळापत्रक आखीत आले, खरा पाया वेळेचा असायला हवा, असे गँटचे ठाम मत येथे झाले.

त्याने कागदावर सारख्या रुंदीचे रकाने आखले. एक रकाना म्हणजे एक आठवडा. समजा, पहिल्या आठवड्यात १०० गोळे व्हायचे आहेत, दुसऱ्या आणि तिसऱ्यात प्रत्येकी २००. रकाने मात्र सारखेच. पहिल्या आठवड्यात १०० झाले, तर बारीक रेघ पूर्ण रकानाभर. दुसऱ्यात १०० च झाले, तर रेघ अर्ध्या रकान्यापर्यंत. म्हणजे तेच १०० गोळे एका ठिकाणी पूर्ण रेघ आणि दुसऱ्या ठिकाणी अर्धी, कारण रेघ मोजते ती नगसंख्या नसून वचनाचा पुरा झालेला भाग. त्याखाली एक जाड रेघ, आतापर्यंतच्या एकूण कामाची. एकूण झाले २००, म्हणजे जाड रेघ दीड रकान्यापाशी थांबते. वरती आजच्या तारखेची खूण दुसऱ्या रकान्याच्या शेवटी. मधले अंतर अर्धा रकाना, म्हणजे आपण अर्धा आठवडा मागे. जनरलसाहेबांना एकही आकडा वाचण्याची गरज नाही. शंभर निरनिराळ्या वस्तू एका कागदावर मांडल्या, तरी जाड रेघ कोठे आखूड पडली हे दोन हात लांबून दिसते. तोफांचे आणि टोप्यांचे एकक वेगळे असते, पण उशिराचे एकक सगळ्यांचे एकच, दिवस. इतकी सुटसुटीत युक्ती मी गणिताच्या पुस्तकातही क्वचितच पाहिली आहे. पुढे जहाजबांधणीच्या सरकारी कामातही त्याने हे तक्ते वापरले.

युद्धापूर्वी दोन वर्षे त्याने आणखी एक प्रश्न उपस्थित केला होता, तो साधनांच्या हिशेबाचा. कारखान्यात दहा यंत्रे आहेत आणि मागणी नसल्यामुळे पाचच चालू आहेत. त्या पाच बंद यंत्रांचे भाडे, व्याज, देखभाल हा खर्च कोठे घालायचा? प्रचलित रीत अशी की तो चालू यंत्रांवर तयार झालेल्या मालावर टाकायचा. म्हणजे माल महाग दिसू लागतो, किंमत वाढते, मागणी आणखी घटते, आणखी यंत्रे बंद पडतात! १९१५ मध्ये उत्पादन आणि खर्च यांच्या संबंधावर लिहिताना गँटने असे मांडले की मालावर तेवढाच खर्च टाकावा जेवढा तो बनविण्यासाठी खरोखर लागला. बंद यंत्रांचा खर्च हा मालाचा खर्च नव्हे. तो व्यवस्थेच्या तोट्याच्या खात्यात लिहावा. मग यंत्र बंद का राहिले, हे विचारता येईल. मागणी आणली नाही, माल वेळेवर आणला नाही, की नको तेवढी यंत्रे घेऊन ठेवली? त्याने यंत्रांचेही तक्ते काढले, आणि बंद तासांसमोर पुन्हा कारणाचे अक्षर. कामगाराचा रिकामा वेळ सगळेच मोजत होते. भांडवलाचा रिकामा वेळ मोजणारे त्या काळी विरळाच.

यापुढचा गँट थोडा वेगळा आहे. १९१६ च्या अखेरीस त्याने काही सोबती जमवून ‘न्यू मशीन’ नावाची संघटना काढली. उद्योगांचा कारभार पैसेवाल्यांच्या हातून काढून काम जाणणाऱ्यांच्या, म्हणजे मुख्यतः इंजिनिअरांच्या हाती द्यावा, असा तिचा सूर होता. १९१७ मध्ये या मंडळींनी राष्ट्राध्यक्ष विल्सन यांना तसे पत्रही पाठविले. संघटना टिकली नाही. टिकली असती तर काय झाले असते, कोण जाणे. मालकाऐवजी इंजिनिअर आला म्हणजे कामगाराचा प्रश्न सुटला, असे समजणे भाबडेपणाचे आहे. इंजिनिअरच्या हातातही घड्याळ असतेच. तथापि १९१९ च्या ‘ऑर्गनायझिंग फॉर वर्क’ या शेवटच्या पुस्तकात त्याने धंद्याचे प्रयोजन नफा की समाजाची सेवा हा प्रश्न स्पष्टपणे विचारला आहे, आणि सेवेच्या बाजूने कौल दिला आहे. धंदेवाईक मालकांकडून फी घेणाऱ्या सल्लागाराने असे लिहावे, याला धैर्य लागते. त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला अल्पशा आजाराने तो गेला. वय अवघे अठ्ठावन्न.

त्याच्या माघारी त्याचा सहकारी वॉलेस क्लार्क याने १९२२ मध्ये ‘द गँट चार्ट’ हे पुस्तक लिहिले, आणि त्या नावाने तक्ता जगभर गेला. दुसरा सहकारी वॉल्टर पोलाकोव्ह १९२९ मध्ये सोव्हिएत रशियात सल्लागार म्हणून गेला, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेच्या कामात हे तक्ते वापरले गेले. अमेरिकन भांडवलदारांच्या गिरण्यांत जन्मलेली गोष्ट साम्यवादी नियोजनकारांनी उचलली, ही गंमत अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने टिपून ठेवण्याजोगी आहे.

असा तक्ता सुचलेला गँट हा पहिला नव्हे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पोलंडच्या कारोल अदामिएत्स्की या अभियंत्याने १८९६ मध्येच ‘हार्मोनोग्राम’ नावाची आकृती तयार केली होती. त्यात प्रत्येक कामासाठी कागदाची एक सरकती पट्टी असे, आणि तिच्यावर या कामाच्या आधी कोणते काम व्हायला हवे आणि नंतर कोणते होणार, हेही लिहिलेले असे. पश्चिमेकडे तिची वार्ता फार उशिरा पोहोचली. गँटच्या तक्त्यात नेमकी हीच उणीव आहे. कोणते काम कोणत्या कामावर अवलंबून आहे, हे त्याच्या पट्ट्या सांगत नाहीत.

आपल्या स्नेहसंमेलनाचेच उदाहरण घ्या. नाटकाची तालीम, नेपथ्य, वेशभूषा, तिकिटांची छपाई, अशा चार पट्ट्या आखल्या. छपाईला उशीर झाला तर नाटक अडत नाही. परंतु नेपथ्याला उशीर झाला तर रंगीत तालीम पुढे जाते, आणि मग सगळेच. हा भेद पट्ट्यांवरून कळत नाही. तो दाखविणारी पद्धत १९५७ मध्ये निघाली. ड्यू पाँट कंपनीचा मॉर्गन वॉकर आणि रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी कामांचे जाळे मांडले, आणि त्यातून सर्वांत लांब पडणारी वाट शोधून काढली; तिलाच ‘क्रिटिकल पाथ’ म्हणतात. या वाटेवरचे काम एक दिवस लांबले की सगळा प्रकल्प एक दिवस लांबतो. १९५८ मध्ये अमेरिकन नौदलाने पोलारिस क्षेपणास्त्रासाठी ‘पर्ट’ ही तशीच पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक कामाला लागणाऱ्या वेळेचे तीन अंदाज धरतात, आशावादी, संभाव्य आणि निराशावादी. जे काम पूर्वी कोणी केलेलेच नाही, त्याला एकच तारीख कशी देणार? ही सोय गँटजवळ नव्हती. त्याचे गोळे रोजचेच होते, क्षेपणास्त्र नवे होते.

मात्र या जाळ्यांनीही एक गोष्ट गमावली. नेपथ्य आणि वेशभूषेसाठी लागणारा कपाटाचा सांगाडा एकाच वेळी करता येईल, असे जाळे सांगते. पण दोन्हींसाठी सुतार एकच! जाळे मांडताना साधने हवी तेवढी आहेत असे मूळ पद्धतीत गृहीत धरलेले असे, आणि माणसे-यंत्रे यांची वाटणी मागाहून, वेगळ्या रीतीने जुळवावी लागे. १९९७ मध्ये एलियाहू गोल्डरॅट या इस्रायली शास्त्रज्ञाने ‘क्रिटिकल चेन’ हे पुस्तक लिहिले, त्याचा मुख्य रोख हाच होता. कामांचा क्रम आणि सुताराचे दिवस हे दोन्ही एकदमच पाहिले पाहिजेत, आणि प्रत्येक कामात थोडीथोडी चोरून ठेवलेली जास्तीची मुदत काढून घेऊन ती सगळी एकत्र शेवटी राखावी, असे त्याचे म्हणणे. गँटचा यंत्रतक्ता हाताशी ठेवला असता, तर निदान पहिला अर्धा भाग इतका उशिरा आठवावा लागला नसता, असे मला राहून राहून वाटते. कोणते यंत्र कोणत्या दिवशी कोणत्या कामात गुंतले आहे आणि कोणत्या दिवशी रिकामे आहे, हेच तर तो दाखवीत होता.

१९२९ मध्ये अमेरिकन यांत्रिक अभियंत्यांनी गँटच्या नावे एक पदक सुरू केले. व्यवस्थापनातील कामगिरीबरोबर समाजसेवाही पाहून ते द्यावयाचे असे ठरले. पहिले पदक कोणाला द्यावे यावर फार चर्चा करावी लागली नसावी. ते मरणोत्तर गँटलाच देण्यात आले.